वोकिंगची मशीद, ब्रुकवूडच्या कबरी आणि ब्रायटनचा महाल

विलायतेला जाऊन आलेली माणसं बहुधा लंडन पाहून येतात. टॉवर ब्रिज, बकिंगहॅम राजवाडा, टेम्स नदीतली होडी, फार तर एखाद्या दिवसाची बससहल. आम्हीही पहिले तीन दिवस तेच केलं. त्याबद्दल इथं लिहिण्यासारखं काही नाही, ते सगळं कॅलेंडरवर पाहिलेलं असतंच. त्यानंतरचे चार दिवस मात्र आम्ही दोघं आणि मुलं रेल्वेने दक्षिणेकडे गेलो. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून वोकिंग, तिथून ब्रुकवूड, मग पोर्ट्समथ, खाडी ओलांडून आइल ऑफ वाइट आणि शेवटी किनाऱ्याकिनाऱ्याने ब्रायटन. नकाशात पाहिलं तर हा एक लहानसा त्रिकोण आहे. पण हिंदुस्थानच्या मुसलमानांच्या इतक्या खुणा इंग्लंडच्या एवढ्याशा भागात एकत्र असतील असं आम्हाला वाटलं नव्हतं.

वोकिंगला वॉटर्लूहून अर्धा तासही लागत नाही. गाव काही देखणं नाही. नव्या उंच इमारती, ऑफिसला धावणारी माणसं. स्टेशनपासून ओरिएंटल रोडने पायी गेलं की एका बाजूला मोठाल्या दुकानांचं संकुल लागतं आणि त्याच्या पलीकडे पाइनच्या झाडांत एक पांढरी, हिरवट घुमटाची चिमुकली मशीद उभी असते. ही शाहजहाँ मशीद. १८८९ साली बांधलेली आणि ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली पहिली इमारत. शाहजहाँ म्हणजे ताजमहालवाला बादशहा नव्हे. भोपाळच्या गादीवर १८६८ ते १९०१ राज्य करणाऱ्या नवाब शाहजहाँ बेगम. भोपाळची ताजुल मसाजिद ज्यांनी बांधायला घेतली, त्याच या. स्वतः त्या इंग्लंडला गेल्या नाहीत, पण त्यांच्या पैशातून तिथं अजान झाली. बायकांना मशिदीच्या कारभारातलं काय कळतं, असं म्हणणारे अजून आपल्यात आहेत. त्यांनी हे लक्षात ठेवावं.

मशीद उभारणारा माणूसही अजबच होता. डॉ. लाइटनर. जन्म हंगेरीतल्या ज्यू घराण्यातला, भाषांचा प्रकांड पंडित, लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजचा प्राचार्य. निवृत्त नटांसाठी बांधलेली एक जुनी इमारत त्याने वोकिंगला विकत घेतली आणि तिथं पौर्वात्य विद्यांची संस्था काढली. हिंदुस्थानातून शिकायला येणाऱ्या मुलांना आपापल्या धर्माप्रमाणे राहता यावं, अशी त्याची कल्पना. किब्ल्याची दिशा नेमकी मिळावी म्हणून एका आगबोटीच्या कप्तानाकडून मोजमाप करून घेतलं असं सांगतात. हे ऐकून आम्हाला गंमत वाटली. आमच्या कोकणातल्या किती घरांतले आजोबा-पणजोबा याच कंपन्यांच्या बोटींवर खलाशी होते!

१८९९ साली लाइटनर वारला, संस्था बंद पडली आणि मशिदीला कुलूप लागलं. लाहोरहून आलेले वकील ख्वाजा कमालुद्दीन यांनी १९१३ मध्ये ते उघडलं आणि इथूनच एक इंग्रजी मासिकही सुरू केलं. पुढे दुसऱ्या महायुद्धापर्यंत इंग्लंडमधला मुसलमान म्हटला की त्याची ईद वोकिंगला, असा रिवाज झाला. लंडनहून लोक रेल्वेने येत आणि झाडांखाली हिरवळीवर नमाज होई. कारण मशिदीच्या आत पाहाल तर जेमतेम साठ माणसं मावतील. आम्ही जोहरच्या वेळी पोहोचलो. आम्ही शाफई, त्यामुळे प्रवासात जोहर आणि असर कस्र करून एकत्र पढायची सोय होती. घुमटाखाली उभं राहिल्यावर आवाज असा घुमतो की आपणच आपला हळू करतो. आज इथल्या जमातीत पाकव्याप्त काश्मीरकडची घराणी पुष्कळ आहेत. बाहेर वुजूखान्यापाशी भेटलेल्या एका बुजुर्गांनी आम्ही मुंबईकडचे म्हटल्यावर उर्दूत चौकशी केली, सालार जंग हाऊस पाहिलंत का म्हणून.

ते बाजूलाच आहे. निजामाचे दिवाण सर सालार जंग यांच्या स्मरणार्थ इमामांसाठी बांधलेलं घर. मराठवाड्यातल्या वाचकांना हे नाव निराळं सांगायला नको. २०१८ साली सरकारने मशिदीला वारसा इमारतींच्या सर्वांत वरच्या श्रेणीत बसवलं. म्हणजे तिची एक वीटसुद्धा आता परवानगीवाचून हलवता येत नाही. आपल्याकडे जुन्या मशिदीचा शिलालेख दर रमजानच्या आधी चुन्याखाली आणखी थोडा बुजतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पांढरं झालं म्हणजे स्वच्छ झालं!

मुलांना मात्र वोकिंगमध्ये दुसरंच काहीतरी पाहायचं होतं. एच. जी. वेल्सच्या १८९८ च्या कादंबरीत मंगळावरची प्राणिमात्रं उतरतात ती वोकिंगजवळच्या हॉर्सेल कॉमन या माळावर. त्याची आठवण म्हणून गावच्या मध्यभागी तीन पायांचा एक धातूचा मंगळवासी उभा केलेला आहे. फोटो वगैरे झाल्यावर आम्ही त्या माळावरच गेलो, पण मंगळासाठी नव्हे.

झाडीत विटांची चौकोनी भिंत आहे, तिला छत्रीसारख्या घुमटाचं प्रवेशद्वार. लांबून एखादा दर्गा वाटावा. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत जखमी झालेले हिंदी सैनिक इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या इस्पितळांत आणले जात. त्यातले जे मुसलमान मरण पावले त्यांना दफन करायचं कुठं? जर्मनीने तेव्हा प्रचार चालवला होता की इंग्रज मुसलमान शिपायांना त्यांच्या धर्माप्रमाणे मातीही देत नाहीत. तो खोडून काढायचा म्हणून सरकारने मशिदीजवळ ही जागा दिली आणि १९१७ साली भिंत-दरवाजा पुरा झाला. म्हणजे कब्रस्तान मिळालं ते काही अंशी शत्रूच्या बोलण्यामुळे. आत आज एकही कबर नाही. नासधूस होऊ लागली म्हणून १९६८ साली सगळे मृतदेह ब्रुकवूडच्या लष्करी कब्रस्तानात नेले. जागा पुष्कळ वर्षं ओसाड होती. २०१५ मध्ये तिची बाग केली, इथं दफन झालेल्यांच्या नावांचा हिंदुस्थानी ग्रॅनाइटचा दगड बसवला आणि माणसागणिक एक अशी हिमालयातल्या भूर्जाची २७ झाडं लावली. पांढऱ्या सालीची ती झाडं ओळीत उभी असतात, नमाजातल्या सफेसारखी. धाकट्याने मोजून पाहिली. "यातले आपले कोण?" त्याने विचारलं. आम्ही म्हटलं, "सगळेच." मोठी हळूच म्हणाली, "पण ते लढले तर इंग्रजांसाठी ना?" या प्रश्नाला तिथं उभं राहून देण्यासारखं छोटं उत्तर आमच्यापाशी नव्हतं, आणि खोटं उत्तर द्यायचं नव्हतं. पगार, इनाम, गावातली इज्जत, भरतीचा रेटा, असं काय काय सांगितलं. ती गप्प ऐकत राहिली.

ब्रुकवूड हे वोकिंगच्या पुढचंच स्टेशन. त्याच्या दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडलं की सरळ कब्रस्तानातच पाय पडतो. ब्रिटनमधलं हे सर्वांत मोठं कब्रस्तान १८५४ साली उघडलं. लंडनमध्ये मेलेल्यांना जागा उरली नाही म्हणून एका कंपनीने ते काढलं आणि त्यासाठी वॉटर्लूहून स्वतःची गाडी चालवली. गाडीत वर्ग होते, शवपेट्यांचेसुद्धा. सोबतच्या मंडळींना परतीचं तिकीट मिळे, मयताचं मात्र फक्त जाण्याचं. १९४१ मध्ये लंडनच्या त्या फलाटावर बॉम्ब पडेपर्यंत ही गाडी धावत होती.

आम्ही इथं आलो ते दोन कबरींसाठी. आपल्या कितीतरी घरांत इंग्रजी तर्जुम्याचा कुरआन असतो. कपाटात वर, जुजदानात. त्यावर बहुधा दोघांपैकी एकाचं नाव असतं. मार्माड्यूक पिकथॉल किंवा अब्दुल्ला यूसुफ अली. हे दोघेही ब्रुकवूडला, एकमेकांपासून फारसे दूर नाहीत.

पिकथॉल हे इंग्रज पाद्र्याचे चिरंजीव, कादंबरीकार. १९१७ मध्ये त्यांनी इस्लाम जाहीरपणे कबूल केला. पुढची बरीच वर्षं आपल्याकडेच गेली. १९२० ते १९२४ ते मुंबईच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते. इंग्रज असून इंग्रज सरकारवर टीका करणारं पत्र चालवत होते. नंतर हैदराबादला शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि निजामाच्या नोकरीत असतानाच तर्जुमा पुरा केला. तो १९३० साली निघाला. १९३६ मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

यूसुफ अलींची गोष्ट उलट दिशेने जाते. जन्म १८७२ चा, मुंबईचा. शिक्षणही मुंबईचं, मुंबई विद्यापीठाची पदवी. तिथून केंब्रिज, मग आय.सी.एस. मोठ्या हुद्द्याच्या नोकऱ्या, लाहोरच्या इस्लामिया कॉलेजचं प्राचार्यपद. त्यांचा तर्जुमा आणि तफसीर १९३४ पासून लाहोरला भागाभागाने छापून निघाली. जगभर ज्या घरांत इंग्रजी वाचली जाते तिथं ती पोहोचली. घरच्या आयुष्यात मात्र सुख नव्हतं. लग्नं मोडली, मुलं दुरावली. म्हातारपणी ते लंडनमध्ये एकटेच फिरत. १९५३ च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, वेस्टमिन्स्टरमधल्या एका दाराच्या पायरीवर भांबावलेल्या अवस्थेत ते पोलिसांना सापडले. दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, वारले. मयत घ्यायला नात्याचं कोणी आलं नाही. पाकिस्तानच्या वकिलातीने दफनाची व्यवस्था केली.

ही हकीकत आम्ही घरून वाचून गेलो होतो. तरी कबरीपाशी उभं राहिल्यावर ती वेगळी वाटली. साधी कबर आहे. मागे उंच झाडं, पलीकडे गाड्यांचा आवाज. आम्ही फातेहा पढलो. आमच्या घरातल्या प्रतीच्या पहिल्या पानावर सासऱ्यांच्या हातची तारीख आहे, १९७१ ची. ती प्रत ज्याच्या मेहनतीने हातात आली त्या माणसाच्या खाटेला खांदा द्यायला मुंबईचं कोणीच नव्हतं, हे मनातून जाईना. मुंबईच्या आपल्या किती शाळांत या मुंबईकराचं नाव मुलांना सांगितलं जातं? निदान आमच्या मुलांना तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. ब्रुकवूडला नकाशा घेतल्याशिवाय आत शिरू नका. मैलोन्मैल चालाल आणि मुसलमानांचा भाग भलतीकडेच राहील. बुटांची तयारी ठेवा, गवत ओलं असतं. खाण्याचं आधीच वोकिंगमध्ये बघून घ्यावं. तिथं हलालची अडचण नाही, पुढे आइल ऑफ वाइटवर मात्र शाकाहारावरच भिस्त ठेवलेली बरी. आम्ही तीन वेळा चीज सँडविच खाल्लं. आणि जूनमध्ये जाणार असाल तर झोपेचा हिशेब सोडून द्या. मगरिब सव्वानऊच्या पुढे, इशा त्याहून किती उशिरा, आणि डोळा लागतो न लागतो तोच फजर.

वोकिंगहून पोर्ट्समथची गाडी सरेच्या टेकड्यांतून, दाट झाडीतून जाते. शेवटच्या स्टेशनवर फलाट संपतो तिथंच बंदर सुरू होतं. नेल्सनचं जहाज, जुन्या युद्धनौका, शाळांच्या सहली. या बंदरात पूर्वी मुंबईचं एक जहाज उभं असे. 'ट्रिंकोमाली'. वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं आणि १८१७ साली पाण्यात उतरवलेलं. अजून ते तरंगतंय, पण आता ते उत्तरेकडे हार्टलपूलला आहे. तिथं जायला आम्हाला दिवस उरला नव्हता.

पलीकडे बोटीने वीसेक मिनिटांत आइल ऑफ वाइट. तिथं ऑस्बर्न हाऊस म्हणजे राणी व्हिक्टोरियाचं खाजगी घर. तिच्या नवऱ्याने स्वतः लक्ष घालून बांधून घेतलेलं. १९०१ साली राणी इथंच वारली. घर पाहायला लोक येतात ते राजघराण्याच्या हौसेने. आमचे पाय मात्र दरबार हॉलमध्ये अडकले. पांढऱ्या गिलाव्याचं इतकं बारीक नक्षीकाम की छत आहे की जाळीदार कापड, कळू नये. हे लाहोरच्या भाई राम सिंग यांचं काम, १८९० च्या सुमाराचं. सोबत होते लॉकवूड किपलिंग. लाहोरला जाण्याआधी ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवत, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची दगडी चित्रं त्यांचीच. मुलांना म्हटलं, ती तुम्ही पन्नास वेळा पाहिली आहेत, आंबे घेताना मान वर केली असती तर!

त्याच्या बाहेरच्या बोळात हिंदुस्थानी माणसांच्या तसबिरी आहेत. विणकर, कुंभार, शिपाई. १८८६ च्या लंडनच्या प्रदर्शनात हुन्नर दाखवायला आणलेले कारागीर. त्यातले बरेच आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होते. राणीने स्वोबोडा नावाच्या चित्रकाराकडून त्यांची चित्रं करून घेतली. शंभरी ओलांडलेला बक्षीराम कुंभार तर असा पाहतो की आपण नजर खाली करावी. आणि मुन्शी अब्दुल करीम. आग्र्याचे हे तरुण १८८७ साली ताटं वाढायला म्हणून आले आणि राणीला उर्दू शिकवणारे उस्ताद झाले. राणी उतारवयात रोजनिशी उर्दूत लिहायला बसे. वोकिंगच्या मशिदीत दरबारचे मुसलमान नोकर नमाजाला जात असं म्हणतात. हल्ली सिनेमामुळे मुन्शींची गोष्ट सगळ्यांना माहीत झाली आहे आणि तिथले मार्गदर्शक ती हसतखेळत सांगतात. राणीचे डोळे मिटताच तिच्या मुलाने मुन्शींकडची पत्रं काढून घेऊन जाळली आणि त्यांना घरी पाठवलं. हा भाग सांगताना मात्र ते घाईत असतात.

परत पोर्ट्समथ आणि तिथून ब्रायटनची गाडी. दीड तासाचा हा प्रवास आम्हाला सर्वांत आवडला. चिचेस्टरच्या चर्चचा सुळका शेतांवरून लांबूनच दिसायला लागतो, मग अरुण नदी, दूरवर अरुंडेलचा किल्ला, आणि शोरहॅमजवळ ॲडूर नदीच्या पलीकडे टेकडीवर लॅन्सिंगच्या शाळेचं उंचच उंच प्रार्थनामंदिर. उत्तरेला सारा वेळ साउथ डाउन्स. चुनखडीच्या, गवताने झाकलेल्या गोल टेकड्या. ज्यांना टेकडीला कडा असावाच लागतो त्या आपल्या सह्याद्रीच्या डोळ्यांना आधी त्या फिक्या वाटतात, मग निवांत.

ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन म्हणजे समुद्रकाठच्या गावात कुणीतरी विसरून गेल्यासारखा मुघली थाटाचा राजवाडा. जॉर्ज या शौकीन राजपुत्रासाठी जॉन नॅश याने १८१५ ते १८२३ मध्ये त्याला हे रूप दिलं. नॅशने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता, छापील चित्रं पाहून घुमट-मनोरे चढवले. आत तर सगळं चिनी, ड्रॅगन आणि झुंबरं. व्हिक्टोरियाला तो मुळीच आवडला नाही. १८५० मध्ये गावाने तो तिच्याकडून ५३,००० पौंडांना विकत घेतला. आम्हाला त्या झुंबरांत रस नव्हता. वरच्या मजल्यावर एका खोलीत जुने फोटो लावलेत. त्याच झुंबरांखाली लोखंडी खाटांच्या रांगा, आणि खाटांवर पगडी-मुंडाशातले जखमी.

डिसेंबर १९१४ पासून सव्वा वर्षाच्या आसपास हा महाल हिंदी सैनिकांचं इस्पितळ होता. नऊ स्वयंपाकघरं होती. हिंदू आणि मुसलमानांना पाण्याचे नळ वेगळे, मांस वेगळं, पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. मुसलमानांच्या नमाजासाठी हिरवळीवर जागा. ऑगस्ट १९१५ मध्ये बादशहा पंचम जॉर्ज स्वतः आला आणि जमादार मीर दस्त यांना त्याच हिरवळीवर व्हिक्टोरिया क्रॉस दिला. या सगळ्याचे फोटो काढून ते हिंदुस्थानात वाटले गेले. सरकारला हेच दाखवायचं होतं.

न दाखवलेलं असं की, गावातल्या दुसऱ्या एका हिंदी इस्पितळाभोवती तारेचं कुंपण होतं. बरे झालेले शिपाई बाहेर हिंडू नयेत, गोऱ्या बायकांशी बोलू नयेत म्हणून पहारा होता. पत्रं तपासूनच टपालात पडत. या कोंडमाऱ्याला वैतागून गोडबोले नावाच्या एका साहाय्यक डॉक्टरने तिथल्या वरिष्ठ गोऱ्या कर्नलवर पिस्तूल चालवण्याचा प्रयत्न केला आणि सजा भोगली. हे आडनाव ब्रायटनच्या इतिहासात सापडेल असं कुणाला वाटेल? सेवा खरी होती आणि कुंपणही खरं होतं. मोठीच्या माळावरच्या प्रश्नाचं उत्तर या दोहोंत कुठेतरी आहे, एवढं तिला सांगितलं. तिने मान हलवली. पटलं की नाही, ते आम्ही विचारलं नाही.

ब्रायटनला आणखी एक आपला माणूस आहे. शेख दीन मुहम्मद. पाटण्याचा, १७५९ चा जन्म. १७९४ मध्ये त्याने प्रवासवर्णन छापलं, इंग्रजीत पुस्तक लिहिणारा तो पहिला हिंदुस्थानी. १८१० साली लंडनला हिंदुस्थानी पद्धतीचं खाणावळगृह काढलं आणि त्यात बुडाला. मग ब्रायटनला येऊन वाफेचे हमाम काढले, चंपी करू लागला. आज जगभर बाटलीवर जो 'शॅम्पू' शब्द असतो तो याच चंपीतला. दोन राजांचा तो खास चंपीवाला झाला. आयरिश मुलीशी लग्न करताना त्याने धर्म बदलला होता, म्हणून तो सेंट निकोलस चर्चच्या आवारात पुरलेला आहे. आम्ही तिथं गेलो, दगडावरचं नाव वाचलं आणि गप्प उभे राहिलो.

शेवटच्या दुपारी 'छत्री'. मुसलमान शिपाई वोकिंगला गेले, तर हिंदू आणि शीख मृतांना ब्रायटनच्या मागच्या डाउन्सवर अग्नी दिला गेला. त्या जागी १९२१ साली पांढऱ्या संगमरवराची घुमटी उभारली. तिचा आराखडा मुंबईच्या एन्रिक्स नावाच्या तरुण वास्तुकाराचा. तिथवर गाडीरस्ता नाही. पॅचम गावापासून मेंढ्यांच्या कुरणातून चढत जावं लागतं. वारा इतका की ओढणी एका हाताने धरावी लागत होती. वर कोणीही नव्हतं. शिलेवर हिंदी, पंजाबी, उर्दू आणि इंग्रजी, चारही लिप्या. मुलांनी त्यातल्या तीन वाचल्या. खाली सगळं ब्रायटन आणि त्यापलीकडे राखाडी समुद्र. आम्ही तिथं बसून उरलेल्या खजुरा खाल्ल्या आणि उतरायला लागलो. पॅचमच्या बसथांब्यावर पोहोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. लख्ख उजेड होता, मगरिबला अजून पावणेदोन तास होते.